'विकल्प' : आपला पडदा आपणच बांधायचा

चित्रपट महोत्सव म्हटलं की लाल गालिचा आणि नटनट्या डोळ्यांसमोर येतात ना? पण फेब्रुवारी २००४ मध्ये मुंबईत एक वेगळाच महोत्सव भरला. नाव 'विकल्प', म्हणजे पर्याय.

झालं असं की, मुंबईत दर दोन वर्षांनी माहितीपटांचा सरकारी महोत्सव होतो, 'मिफ'. त्या खेपेस नियम निघाला : भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच. परदेशी चित्रपटांना मात्र नको! दिग्दर्शकांनी एकजुटीने विरोध केला, तेव्हा नियम मागे घेतला गेला. पण मग निवडीतच अनेक बोचरे माहितीपट गळले.

मग काय! मिफ चालू असतानाच दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात स्वतःचा महोत्सव भरवला. पडदा, प्रोजेक्टर, खुर्च्या, वेळापत्रक, सगळं आपणच बघायचं. (गॅदरिंगला साधा पडदा बांधताना आपली किती धावपळ होते, आठवा!) राकेश शर्मांचा गुजरात दंगलींवरचा 'फायनल सोल्यूशन' मिफने नाकारला होता, तो इथे दाखवला गेला. त्याच महिन्यात बर्लिनच्या महोत्सवात त्याला पुरस्कारही मिळाला.

पुढे 'विकल्प'च्याच नावाने जुहूला दर महिन्याला माहितीपट दाखवले जाऊ लागले.