जरीतून वाहणारी वीज

येवल्यात पैठणीच्या विणकराच्या घरी गेल्यास मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला कसबी रंगीत रेशमाच्या तिल्ल्या (छोट्या कांड्या) ताण्यातून इकडून तिकडे फिरवीत असलेला दिसतो. आणि उद्याचा मनुष्य मनगटावर घड्याळ न बांधता अंगावरच्या कापडाकडूनच घड्याळाची, दूरध्वनीची व नाडीपरीक्षेचीही कामे करवून घेईल, असे जे भाकीत हल्ली वारंवार ऐकू येते, त्याचे मुख्य साधन या कसब्याच्या हाताशी तीनशे वर्षांहून अधिक काळ आहे, याची त्याला स्वतःला क्वचितच कल्पना असते.

ते साधन म्हणजे जर. चांदीची तार ओढून ती चपटी करावयाची, रेशमी दोऱ्याभोवती मळसूत्राप्रमाणे वेढावयाची आणि तिजवर सोन्याचा मुलामा चढवावयाचा, ही तिची जुनी कृती. आता जर बहुतेक सुरतेहून येते आणि तिच्या पोटात पुष्कळदा तांबे असते. तथापि विजेच्या दृष्टीने यात बिघडत काहीच नाही, कारण सर्व धातूंत विद्युद्वाहक म्हणून चांदीचा क्रमांक पहिला, तर तांब्याचा दुसरा.

हे मर्म ओळखले ते अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या मीडिया लॅबमधील रेमी पोस्ट व मार्गारेट ऑर्थ यांनी. धुता येईल असे बुद्धिमान वस्त्र कसे घडवावे, यावर १९९७ साली निबंध लिहिताना त्यांनी प्रयोगासाठी निवडले ते धातूची पट्टी वेढलेल्या बाण्याचे तलम रेशमी कापड, म्हणजे हिंदुस्थानात पिढ्यान्पिढ्या विणला जाणारा जिन्नस! त्यात बाण्याचा, म्हणजे आडवा, प्रत्येक धागा वाहक, ताण्याचे उभे रेशीम मात्र विसंवाहक. त्यामुळे शेजारशेजारच्या धाग्यांतून निरनिराळे संदेश वाहून नेण्याची सोय आयतीच झालेली.

पुढे गूगलने २०१५ साली हाच विचार ‘जॅकार्ड’ या नावाने बाजाराच्या वाटेला लावला आणि २०१७ मध्ये लिव्हाइस कंपनीच्या सहकार्याने साडेतीनशे डॉलरांचे डेनिमचे जाकीट विक्रीस आणले. त्याच्या डाव्या बाहीच्या टोकाशी धातुमिश्रित धागे विणलेले असून त्यांवरून बोट फिरविताच खिशातील फोनवरचे गाणे बदले वा रस्ता कळे. बोट जवळ येताच धाग्याची विद्युत्धारकता बदलते आणि तो बदल बाहीत अडकविलेली चिमुकली डबी ओळखते, एवढेच त्यामागचे रहस्य. परंतु हे जाकीट दहा धुण्यांपलीकडे टिकण्याची हमी नव्हती, आणि २०२३ साली त्याचे अ‍ॅपच बंद झाल्याने धड असलेली जाकिटेही मुकी झाली. आजीची पैठणी नातीने लग्नात नेसावी, असा ज्या गावाचा हिशेब, त्या गावाने या आयुर्मर्यादेस काय म्हणावे!

वस्तुतः या नव्या विद्येला येवल्याकडून केवळ जरच नव्हे, तर विणण्याची पद्धतीही घेण्यासारखी आहे. गूगलने ज्याचे नाव घेतले त्या जॅकार्ड मागावर नक्षीचा धागा सामान्यतः काठापासून काठापर्यंत धावतो आणि नको तेथे उलट्या बाजूस लोंबकळत राहतो. धागा वाहक असेल, तर तेथे ‘शॉर्टसर्किट’चे भय. अस्सल हातमागाच्या पैठणीत मात्र प्रत्येक रंगाची तिल्ली आपल्या हद्दीपुरतीच फिरून शेजारच्या धाग्यात अडकून परतते, म्हणूनच तिची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते. रेशमी पोतावर विणलेली जरीची प्रत्येक बुट्टी अशा रीतीने स्वतंत्र, चहूबाजूंनी विसंवाहक रेशमाने वेढलेले बेट ठरते, आणि त्यावर बोट टेकताच कळ दाबल्याची वर्दी द्यावी, यास तत्त्वतः हरकत नाही. भरजरी पदराचे तसे नाही: तेथे जरीचे धागे एकमेकांस इतके चिकटून असतात की सारी जमीन एकच पत्रा होऊन बसते आणि मोर व पोपट तेवढे त्यात कोरडे उरतात.

खरी पंचाईत आहे ती जोडणीची. कापडावर दिलेला डाख वळण्या-दुमडण्यात सहज निखळू शकतो. मीडिया लॅबच्या त्या प्रयोगात यावर उपाय योजला होता तो शिंप्याच्या पेटीतला, साध्या टिचबटणांचा: बटणाचे दात कापडात रुतून धातूस धातू भिडतो आणि धुण्यापूर्वी यंत्राची डबी काढूनही ठेवता येते. भौगोलिक निर्देशांकाची मोहोर २०१० सालीच लाभलेल्या पैठणीच्या काठावर कोणी टिचबटण ठोकू देईल काय, हा प्रश्न वेगळा. प्रयोगासाठी उपरणे किंवा बटवा विणून पाहावा, हे अधिक शहाणपणाचे.