साबण ओढणारी गोळी

गाडी धुण्याच्या धंद्यावर लिहा, असं सांगून संपादकांनी भोसरीला धाडलं. वॉशिंग सेंटरं बघायची राहिली बाजूला. प्रेशर वॉशर दुरुस्त करणाऱ्या एका गाळ्यात बोटाएवढ्या पितळी इंजेक्टरपाशीच मी अडकलो.

मशीनचा इतिहास फार लांब नाही. जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी 1950 मध्ये युरोपातला पहिला गरम पाण्याचा हाय-प्रेशर वॉशर बनवला. इंजेक्टरचं तत्त्व त्याहून बरंच जुनं. व्हेंतुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने ते 1797 मध्येच मांडलं होतं. अरुंद गळ्यातून जाताना पाण्याचा वेग वाढतो, तिथला दाब पडतो आणि बाजूच्या नळीतून शाम्पू आत खेचला जातो.

मिस्त्रींनी इंजेक्टर खोलून तळहातावर एक गोळी आणि केसासारखी बारीक स्प्रिंग ठेवली. ‘‘सगळा खेळ हिचा, साहेब.’’ मग गनला काळं नोझल लावलं. मोठ्या भोकातून पाणी सैल सुटलं, मागचा दाब उतरला, गोळी उचलली गेली आणि फेस आला. काळं काढून पिवळं, 15 अंशांचं लावलं. दाब चढला, त्याने गोळी तिच्या बैठकीवर दाबून धरली आणि साबण बंद. ना बटण, ना वायर. मला तरी हे पंपापेक्षा हुशार वाटलं.

पंपाबद्दलचा माझा समज तर त्यांनी पारच उलटा केला. पिस्टनचा पंप दर मिनिटाला ठरलेलं पाणी ढकलतो, एवढंच. प्रेशर तयार होतं नोझलच्या भोकात. भोकाचा व्यास झिजून दहा टक्के वाढला, तर तेवढ्याच पाण्याला 200 बारऐवजी जेमतेम 137 बार मिळतात. डोळ्याला ही झीज दिसत नाही. मालक पंपाची सीलं बदलत बसतो आणि पाचरीसारखी धार मारणारं नोझल तसंच राहतं. तुंबलं म्हणून पोरं त्यात खिळा फिरवतात, तेव्हा तर भोकाची कडच जाते.

इंजेक्टरची दुखणी वेगळी. बोअरच्या पाण्याचे क्षार बसतात, रात्रभर शाम्पू आत वाळतो आणि सकाळी गोळी चिकटलेली असते. बंद अवस्थेत चिकटली तर साबण येत नाही. उघडी राहिली तर पाणी उलटं कॅनमध्ये शिरतं. ‘कॅन आपोआप भरतोय’ अशी तक्रार घेऊन येणारे बरेच, म्हणे. काम संपल्यावर नळी साध्या पाण्यात बुडवून दोन मिनिटं मशीन चालवलं तर यातलं बरंचसं टळतं. तेवढा धीर कुणाला नसतो.

काही जण त्याहून पुढे जातात. साबण फुल प्रेशरने हवा म्हणून पंपाच्या इनलेटलाच केमिकल जोडतात. इंजेक्टर पंपाच्या पुढे बसवतात तो केमिकल पंपात जाऊ नये म्हणूनच. टेबलावर असाच एक पंप उघडा पडला होता. अलॉय व्हील उजळवणाऱ्या ॲसिडने त्याची सीलं खाल्ली होती. ते ॲसिड मारणाऱ्या पोराच्या हातात मोजे होते का, हे मी विचारलं. मिस्त्री नुसतेच हसले.

तेवढ्यात फोन आला. नवा इंजेक्टर टाकूनही साबण ओढत नाही, अशी तक्रार.

‘‘पाइप किती लांब केलाय?’’ मिस्त्रींनी विचारलं. उत्तर ऐकून म्हणाले, ‘‘इंजेक्टरपुढे एवढा पाइप असला की मागे दाब राहणारच. आधी जोडलेला तुकडा काढा, मग बोलू.’’