डोंगरात नाचणारा नरसिंह

ईटच्या माणसाला सिंह भेटतो तो तुळजापुरात. भूम तालुक्यातल्या या गावाची वाट आई तुळजाभवानीकडे जाते, आणि तिथं गाभाऱ्यापुढच्या दालनालाच सिंह गाभारा म्हणतात. देवीचा हा सिंह तिला वाहून नेणारा. नाचणारा सिंह पाहायचा तर होळी सरल्यावर सुरगाणा, पेठ, मोखाडा, जव्हारच्या डोंगरात जावं. भात, नागली, वरई कणगीत पडलेली असते, पावसाला अवकाश असतो आणि गावोगाव बोहाडा लागतो.

बोहाडा म्हणजे देवदेवतांच्या मुखवट्यांची रात्र. कुठे तीन, कुठे पाच, कुठे सात रात्री. संबळ घुमू लागला की मशालींच्या उजेडात एकेक सोंग ठेका धरत पुढं येतं. आरंभ गणपतीचा, मग शारदा, रावण, नरसिंह अशी रांग. शेवटच्या पहाटे जगदंबा महिषासुराला मारते, तेव्हा कुठे गाव झोपायला जातं.

मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. अनेक सोंगांचा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे असतो. बापानं नाचवलेलं सोंग पुढं मुलगा नाचवतो; मुखवटा घरात जपायचा, पुजायचा, हीसुद्धा त्याच घराची जबाबदारी. माझ्या मते बोहाडा टिकला तो या घरांमुळे. कुठल्या अनुदानानं इतकी वर्षं रात्री जागवल्या नसत्या.

नाशिककडच्या सोंगी मुखवटे नाचात तर सिंहच मुख्य. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास ढोल, पावरी आणि संबळावर दोन नरसिंह नाचतात, सोबत काळभैरव आणि वेताळ.

या डोंगरांनी वाघ, बिबटे पाहिले. सिंह आला तो प्रल्हादाच्या कथेतून. जपानच्या रानातही सिंह नव्हता, तरी तिथल्या गावांतून सुगीच्या उत्सवात शिशिमाई हा सिंहनाच रंगतो. न पाहिलेल्या जनावराला माणसांनी इतक्या मायेनं अंगावर घ्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडचा सिंह अर्धा माणूस आहे, म्हणून आत शिरणाऱ्याला तो जवळचा वाटत असावा.

सोंगी मुखवटे आता शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि शहरी रंगमंचावर पोचले. शहरातल्या पोरांच्या पायांत तो ठेका गेला, हे चांगलंच झालं. मात्र पाच मिनिटांच्या नाचात नरसिंह नुसता वेश उरतो; गावात त्याच मुखवट्यापुढं म्हाताऱ्या माणसांचे हात जोडले जातात. जव्हारकडचे कारागीर शोभेचे लहान मुखवटेही करतात, त्यावर त्यांची चूल चालते, आणि चालायलाच हवी. पण भिंतीवरच्या मुखवट्याला ना श्वासाची जागा लागते, ना बाहेर बघायची वाट. ती कुठं आणि केवढी ठेवायची, हे नाचवणाऱ्याच्या तोंडाला मुखवटा लावून पाहिल्यावरच कळतं. म्हणून शहरातून मागणी द्यायचीच असेल, तर अधूनमधून नाचवायच्या मुखवट्याचीही द्यावी.