नभोवाणीचें दप्तर

सन १९४० च्या जून महिन्यांत, १८ तारखेस, फ्रान्सचे सेनानी द गॉल यांनीं लंडनहून आपल्या देशबांधवांस जें आवाहन केलें, तें त्या राष्ट्राच्या इतिहासांतील एक थोर भाषण मानलें जातें. परंतु तें आज कोणासहि ऐकावयास मिळत नाहीं. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें त्या दिवशीं त्याचें ध्वनिमुद्रणच ठेवलें नाहीं. त्या भाषणाचें म्हणून पुष्कळदां जें ध्वनिमुद्रण ऐकविलें जातें, तें वस्तुतः चार दिवसांनीं, २२ जूनला, केलेल्या दुसऱ्या भाषणाचें असतें. शब्द कागदावर राहिले, आवाज गेला.

रेडिओवर जें जें लागलें तें तें केंद्रावर कोठें तरी जपून ठेवलेलें असणारच, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्यानंतर कित्येक वर्षें बहुतेक कार्यक्रम प्रत्यक्षच होत. गवई मायक्रोफोनपुढें बसे, गाई, आणि घरीं जाई. दुसऱ्या दिवशीं त्या गाण्याला साक्ष काय ती ऐकणाऱ्याच्या आठवणीची.

पुढें तबकड्या आल्या. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाचा थर देत व त्यांत सुईनें आवाज कोरीत. सोळा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें पंधरा मिनिटें मावत. महायुद्धांत ॲल्युमिनियम विमानांकडे गेलें, तेव्हां पत्र्याच्या जागीं कांच आली. अशी तबकडी हातून निसटली कीं आंतलें भाषणहि संपलें! न निसटतांहि ती टिकतेच असें नाहीं. रोगण मऊ राहावें म्हणून त्यांत चक्क एरंडेल मिसळलेलें असे. वर्षानुवर्षें त्याचें विघटन होऊन पृष्ठभागावर पांढरी, तुपकट बुरशी आल्यासारखी दिसते. ती बुरशी नसते, तें एरंडेलांतून सुटलेलें आम्ल असतें. रोगण आकसतें, खालचा पत्रा आकसत नाहीं. मग थराला भेगा पडून त्याचे पोपडे निघूं लागतात. पोपडा निघाला कीं त्यावरचें भाषण परत येत नाहीं.

चुंबकीय फीत, जिचें यंत्र १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आलें, ती पुष्कळ सोयीची ठरली. परंतु तिचा जो मोठा गुण तोच तिचा मोठा दोष. भरलेली फीत पुसून पुन्हां भरतां येते. फीत महाग, उद्यांचा कार्यक्रम दारांत उभा, कोरी फीत शिल्लक नाहीं. अशा वेळीं गेल्या वर्षींचें एखादें भाषण पुसलें जातें, आणि पुसणाऱ्याच्या मनांत कांहींहि वाईट नसतें. काळानें जेवढें नेलें त्याहून अधिक काटकसरीनें नेलें असावें, असें मला वाटतें.

जी फीत पुसली गेली नाहीं तिचेंहि आयुष्य निर्धास्त नाहीं. जुन्या ॲसिटेटच्या फितींना कालांतरानें शिर्क्याचा वास येऊं लागतो, आणि त्या वेड्यावांकड्या होतात. १९७० नंतरच्या कांहीं फितींतील चिकटद्रव्य हवेंतील ओल पितें व फीत यंत्राला चिकटते. मुंबईसारख्या दमट शहरांत ही भीति अधिकच. अशी फीत सुमारें ५० अंश सेल्सिअस उष्णतेंत कांहीं तास शेकून घ्यावी लागते. मग ती थोडे दिवसच नीट वाजते. तेवढ्या अवधींत तिची प्रत काढून घेतात. गुंडाळतांनाहि एक युक्ति आहे. फितीचा एक वेढा दुसऱ्यावर आपला पुसट ठसा उमटवितो. फितीचा शेवट बाहेर ठेवून गुंडाळली, तर हा पुसट ठसा मुख्यतः मूळ शब्दाच्या नंतर येतो व कानाला फारसा खुपत नाहीं. उलट गुंडाळल्यास वक्त्याचा शब्द त्याच्या तोंडून निघण्यापूर्वींच कुजबुजतो.

१९३६ सालीं मारी स्लोकोम नांवाची एक तरुणी लंडनच्या त्याच संस्थेंत तात्पुरत्या कामावर लागली. धूळ खात पडलेल्या कांहीं तबकड्यांची विल्हेवाट लावण्यास तिला सांगण्यांत आलें. तिनें आधीं त्यांवरील नांवें वाचलीं: बर्नार्ड शॉ, एच. जी. वेल्स, चर्चिल. तिनें त्या फेंकल्या नाहींत. तेथील प्रचंड ध्वनिसंग्रहाचा उगम तो हाच.

नांवें लिहिलेलीं होतीं म्हणून हें घडलें, हें विसरतां कामा नये. डब्यावर नुसतें "भाषण, भाग दुसरा" एवढेंच असेल, तर ती फीत असून नसल्यासारखी. वक्ता कोण, विषय काय, तारीख कोणती, किती मिनिटें, पुनःप्रसारणास संमति आहे किंवा नाहीं, ह्या नोंदींवांचून संग्रह म्हणजे केवळ अडगळ. आवाज ओळखणारे जुने कर्मचारी फितींच्या आधीं निवृत्त होतात. नवें यंत्र घेण्यापूर्वीं त्यांना आठवडाभर शेजारीं बसवून नोंदी करून घ्याव्या, असें मी म्हणेन.

आतां हीं ध्वनिमुद्रणें संगणकाच्या अंकांत उतरवितात. सेकंदाला ९६,००० नमुने, प्रत्येक २४ बिटांचा, ह्या मापानें दोन वाहिन्यांच्या एका तासाला सुमारें दोन गिगाबाइट जागा लागते. तबकडीप्रमाणें संगणकाची चकतीहि एक दिवस बंद पडतेच. म्हणून प्रती दोन निरनिराळ्या गांवीं ठेवाव्या लागतात व कांहीं वर्षांनीं पुन्हां नव्या कराव्या लागतात.

१२ नोव्हेंबर १९४७ रोजीं महात्मा गांधी दिल्लीच्या केंद्रावर येऊन कुरुक्षेत्राच्या निर्वासितांशीं बोलले. तें ध्वनिमुद्रण राहिलें, म्हणून तो संथ स्वर आजहि ऐकूं येतो. पुणें केंद्रावरून १९५५ च्या एप्रिलपासून आठवड्यामागून आठवडा लागलेलीं गीतरामायणाचीं ५६ गीतें निरनिराळ्या गायकांनीं गाइलीं होतीं. पुढें सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजांत तीं घरोघर पोंचलीं. पहिलें रूप ऐकावयाचें तर केंद्राच्या ध्वनिमुद्रणांकडेच वळावें लागतें.

जें केंद्रांतून गेलें तें कधीं कधीं श्रोत्याच्या घरीं सांपडतें. २००१ सालीं बी. बी. सी. नें आपले हरवलेले कार्यक्रम घरीं भरून ठेवणाऱ्या लोकांकडे जाहीरपणें मागितले होते. आपल्या कपाटांतहि रेडिओवरून भरलेली एखादी कॅसेट असेल. तिच्यावर तारीख व केंद्राचें नांव लिहावें, आणि मागच्या कडेच्या त्या दोन चिमुकल्या चौकोनी पट्ट्या मोडून टाकाव्या, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरें कांहीं भरलें जाणार नाहीं.