पोकळ पाइपची ताकद : शेड उभारण्यापूर्वी हे वाचा



हंगाम संपून उसाचे बिल हाती आले, की आपल्याकडे बांधकामे निघतात. कुणाला गोठा हवा असतो, कुणाला ट्रॅक्टरची शेड, कुणाला कांद्याची चाळ. पूर्वी या कामांना लाकडी वासे नाहीतर लोखंडी अँगल असत. आता बहुतेक ठिकाणी पोकळ पोलादी पाइप आला आहे. पाइप चांगलाच, पण तो पारखून घेतला पाहिजे. म्हणून त्याविषयी चार गोष्टी येथे देत आहोत.

पोकळ असून मजबूत कसा?

वेळूचा बांबू आतून पोकळ, तरी वाऱ्यात टिकतो. तेच तत्त्व इथे आहे. खांब वाकू लागला की खरा ताण बाहेरच्या कडेवर येतो. मधल्या लोखंडाला फारसे काम नसते. ते मधून काढून कडेला नेले, की तेवढ्याच वजनात ताकद वाढते. उदाहरण घ्या. बाहेरून ४८.३ मि.मी. व्यासाचा व ३.२ मि.मी. जाडीचा पाइप आणि २४ मि.मी.ची भरीव सळई, दोन्हींचे वजन मीटरला जवळजवळ सारखेच. पण वाकण्याला पाइप सुमारे सातपट जास्त विरोध करतो. शिवाय गोल पाइप सर्व बाजूंनी सारखाच ताठ असतो. अँगल एका बाजूला कमजोर पडतो. स्कॉटलंडमधील फोर्थचा रेल्वे पूल १८९० साली झाला. त्यात दाब झेलणारे मुख्य भाग बारा फूट व्यासाच्या पोलादी नळ्यांचेच आहेत.

मात्र उंचीचे भान ठेवावे. सडपातळ खांबाची उंची दुप्पट केली, तर तो भार पेलतो जेमतेम चौथा हिस्सा. उंच शेडला म्हणूनच जाड पाइप आणि तिरपे आधार लागतात.

कोणता पाइप मागावा?

पाण्याचा पाइप व बांधकामाचा पाइप यांची मानके वेगळी आहेत. बांधकामाच्या गोल पाइपला आय.एस. ११६१, चौकोनी पाइपला आय.एस. ४९२३ आणि पाण्याच्या पाइपला आय.एस. १२३९. पाण्याच्या पाइपवर रंगाचा पट्टा असतो : हलक्याला पिवळा, मध्यमला निळा, जडला तांबडा. दुकानात ज्याला 'दीड इंची' म्हणतात तो बाहेरून दीड इंच नसतो, ४८.३ मि.मी. भरतो. म्हणून नुसते इंच सांगू नका. बाहेरचा व्यास आणि जाडी, दोन्ही बिलावर लिहून घ्या.

वजनाने पारख

उसाच्या काट्यावर आपण डोळ्यात तेल घालून उभे राहतो. पाइप घेताना का नाही? हिशेब सोपा आहे. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, येईल त्याला जाडीने गुणा आणि पुन्हा ०.०२४६६ ने गुणा. आले ते एका मीटरचे किलो. वरचा पाइप ३.२ मि.मी. जाडीचा असेल, तर मीटरला ३.५६ किलो आणि सहा मीटरचा नग सुमारे २१ किलो भरला पाहिजे. जाडी २ मि.मी.च असेल, तर तोच नग पावणेचौदा किलो भरेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात! थोडा फरक मानकालाही मान्य आहे, पण सात किलोंचा नव्हे.

उभारताना

पाइप आतून गंजला तर बाहेरून कळत नाही. म्हणून प्रत्येक उघडे तोंड पट्टी लावून, वेल्डिंगने पक्के बंद करावे. आत हवा-पाणी गेले नाही तर गंज वाढत नाही. खांब थेट मातीत पुरू नये. गोठ्यात शेण-मूत लागून जमिनीलगतच तो आधी कुजतो. काँक्रीटचा ओटा जमिनीच्या वर घ्यावा आणि त्यात बोल्ट बसवून खांब उभा करावा. उघड्या शेडला वळवाचा वारा खालून उचलतो, तेव्हा हे बोल्टच शेड धरून ठेवतात. गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडताना सांध्याजवळचे जस्त आधी घासून काढायला सांगा. त्याचा धूर वेल्डरला बाधतो. जोडून झाल्यावर तिथे जस्ताचा रंग द्यावा.

मोठ्या शेडचा नकाशा जाणत्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावा. त्याच पत्र्याखाली आपली जनावरे बांधलेली असतात आणि आपली माणसेही वावरतात. पाइपवर वाचवलेले चार पैसे तिथे महाग पडतात.