पूर आतून येतो तेव्हा

मावळातील सुदुंबरे हे गाव संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आता या गावाची आणखी एक ओळख झाली आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ येथे आहे. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या महापुरात या दलाच्या रबरी होड्या आपण चित्रांत पाहिल्या आहेत. पण मुसळधार पावसात आणखी एक पूर येतो. त्याला नदी लागत नाही आणि होडीचा त्यात काही उपयोग नसतो. तो येतो तळघराच्या मोरीतून, आणि येताना मैला घेऊन येतो.

हे पाणी उलटे का येते? एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहा. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांचे तळ कापा, बुचांना भोके पाडून त्या एका रबरी नळीने जोडा आणि उलट्या धरा. एका बाटलीत पाणी ओता. दोन्हींत पाण्याची पातळी सारखी होते. आता रिकामी बाटली पुष्कळ खाली धरा. पाणी तिच्या काठावरून सांडू लागेल. पहिली बाटली म्हणजे रस्त्यावरचे मॅनहोल आणि खालची बाटली म्हणजे आपले तळघर.

रस्त्यातील मलवाहिनी तुडुंब भरून मॅनहोलमधील पाणी रस्त्याच्या पातळीला आले, आणि तळघराची फरशी तेथून ३ मीटर खाली असली, तर मोरीच्या तोंडाशी ३ मीटर पाण्याचा दाब तयार होतो. मोरीतील नहाणी ट्रॅपमध्ये जेमतेम ५ सेंटिमीटर पाणी असते. ते दुर्गंधी अडवते. हा दाब अडवू शकत नाही. मग लोक जाळीवर दगड ठेवतात. १० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर ३ मीटर पाण्याचा जोर सुमारे २४ किलोग्रॅम वजनाइतका होतो. पाट्याएवढा दगडही येथे अपुरा पडेल!

आता पुढचा प्रश्न. आपल्याकडे पावसाची गटारे आणि मलवाहिन्या बहुतेक ठिकाणी वेगळ्या असतात. मग पावसाचे पाणी मलवाहिनीत येते कोठून? त्याच्या वाटा दोन आहेत.

पहिली वाट राजरोस आहे. गच्चीवरून उतरणारा पाइप मैलापाण्याच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या तासात ५,००० लिटर पाणी जमते. शहरी पाणीपुरवठ्यात दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे ३७ माणसांचे दिवसभराचे पाणी एका तासात त्या चेंबरमध्ये जाते.

दुसरी वाट जमिनीखालची आहे. जुन्या इमारतीतून रस्त्यापर्यंत जाणारे पाइप बहुधा स्टोनवेअरचे, लहान लहान तुकडे सिमेंटने जोडून घातलेले असतात. जमीन खचली की सांधे उकलतात. पिंपळाची किंवा उंबराची केसासारखी मुळे ओलाव्याच्या शोधात फटीत शिरतात आणि आत जाऊन जाड होतात. पावसाळ्यात पाइपाभोवतीची जमीन पाण्याने भरते व ते पाणी आत झिरपते. फटींचे एकूण क्षेत्रफळ फक्त १ चौरस सेंटिमीटर आणि वर १ मीटर पाणी असे धरले, तर दिवसाला सुमारे २३,००० लिटर पाणी आत येऊ शकते. बाहेरची माती या प्रवाहाला अडवते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा बराच कमी असेल. पण अशा फटी एका रस्त्यावर किती असतील याचा विचार करा.

हे पाइप बदलायचे तर अंगण, फरशी, रस्ता सारे खोदावे लागते. त्यावर एक युक्ती आहे. १९७१ साली एरिक वुड या ब्रिटिश अभियंत्याने लंडनमधील एका जुन्या मलवाहिनीला आतून अस्तर लावले. पॉलिएस्टरच्या जाड नमद्याची नळी रेझीनमध्ये भिजवतात. शर्टाची बाही उलटावी तशी ती पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने उलटत उलटत जुन्या पाइपात सरकवतात. ती पाइपाला आतून चिकटून बसली की गरम पाणी, वाफ किंवा अतिनील किरणांनी रेझीन कठीण करतात. रेझीनच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींशी आडव्या जोडल्या जातात. भाजलेली भाकरी पुन्हा पीठ होत नाही, तसेच हे रेझीन पुन्हा पातळ होत नाही. जुन्या पाइपाच्या पोटात सांधे नसलेला नवा पाइप तयार होतो. मुंबईतही जुन्या मलवाहिन्यांसाठी आतून अस्तर लावण्याच्या पद्धती वापरल्या गेल्या आहेत.

अस्तराने पाइप अरुंद होणार नाही का? होतो. १५० मिलिमीटरच्या पाइपात साडेचार मिलिमीटर जाडीचे अस्तर बसवले, तर व्यास १४१ मिलिमीटर उरतो. मॅनिंगच्या सूत्रानुसार प्रवाह व्यासाच्या ८/३ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो ०.८५ पट होतो. पण त्याच सूत्रातील खरबरीतपणाचा गुणांक ०.०१३ वरून ०.०१० वर आला, तर प्रवाह १.३ पट वाढतो. दोन्हींचा गुणाकार १.१ येतो. पाइप अरुंद होऊनही १० टक्के जास्त पाणी वाहून नेतो!

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. केवळ आपल्या पाइपाला अस्तर लावल्याने आपले तळघर वाचेलच असे नाही. रस्त्यातली वाहिनी भरली, तर गुळगुळीत पाइपातूनही पाणी उलटे येते. अस्तराचा खरा लाभ सगळ्या गल्लीने ते लावल्यावर मिळतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी गच्चीचे पाणी वेगळे करावे. मग पाइपात कॅमेरा सोडून तपासणी करावी. खचून झोळ पडलेला किंवा कोसळलेला पाइप अस्तराने सुधारत नाही, तो खोदूनच बदलावा लागतो. शेवटी पाणी उलटे येऊ न देणारी एकेरी झडप बसवावी. मात्र झडप मिटलेली असताना आपलेही पाणी बाहेर जात नाही, म्हणून तेवढा वेळ नळ बंद ठेवावे.

मलवाहिनी नसलेल्या गावांनाही हे लागू आहे. तेथे सेप्टिक टँकचे पाणी शोषखड्ड्यात मुरते. लोणावळ्याकडे वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसात जमीन तृप्त झाली की खड्डा पाणी घेत नाही आणि टाकीची पातळी वर चढते.

मोरी उलटली की पहिला विचार कोणता येतो? 'कोणाला तरी चेंबरमध्ये उतरवा.' तेथे हायड्रोजन सल्फाइड वायू साठलेला असू शकतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो, आणि सावध होण्यापूर्वी माणूस कोसळतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला असे उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही मृत्यू थांबले नाहीत, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

आपल्या शाळेच्या गच्चीचे पाणी कोठे जाते, हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगा. पन्हाळीत बादलीभर रंगीत पाणी ओतायचे आणि ते कोणत्या चेंबरमध्ये उतरते ते पाहायचे. झाकण मोठ्या माणसाने उघडावे, मुलांनी दूर उभे राहावे, आणि आत कोणीही वाकू नये. रंग मैलापाण्याच्या चेंबरमध्ये दिसला, तर दुरुस्तीची सुरुवात तेथूनच करायची. ज्या चेंबरमध्ये कोणाला उतरावे लागणार नाही, ते चेंबर नीट बांधलेले असे समजावे.