पिकअपच्या हौद्याचे अस्तर

अमेरिकेत पिकअप ट्रक केवळ माल वाहण्यासाठी घेतला जातो, असे म्हणण्याचे दिवस कधीच मागे पडले. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, आणि तिच्या गिऱ्हाइकांत शेतकरी, सुतार, प्लंबर जितके आहेत तितकेच वर्षाकाठी एखादे ख्रिसमसचे झाड आणि बागेसाठी चार पोती माती वाहणारे नोकरदारही असावेत. हौदा मात्र दोघांचाही सारखाच: पातळ पत्र्याचा, आणि दारांना असतो तोच गुळगुळीत रंग दिलेला. पहिल्या फेरीतच फावड्याचा किंवा दगडाचा ओरखडा रंग फोडून पत्र्यापर्यंत जातो. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाणी त्या ओरखड्यात मुरले की गंजाला आमंत्रणाची गरज उरत नाही. या दुखण्यावर हौद्यात जाड, खरखरीत, रबरासारखा थर फवारून बसवण्याचा धंदा उभा राहिला. सॅन दिएगोची राइनो लायनिंग्ज १९८८ मध्ये सुरू झाली, कॅलिफोर्नियातच लाइन-एक्स १९९३ मध्ये. आज अस्तर करून घेणारा माणूस या नावांची तुलना करतो, कोणाचा थर किती जाड, कोणाचा किती कडक, हमी किती वर्षांची, हे बघतो. या तुलनेत त्याचा बराचसा वेळ फुकट जातो, असे माझे मत आहे. हे अस्तर सहसा फाटत नाही, ते सुटते. आणि ते सुटणार की नाही हे पिंपातल्या रसायनापेक्षा फवारणीआधीच्या काही तासांत ठरते.

आधी रसायन पाहू. दोन पिंपे असतात. एकात आयसोसायनेट, बहुधा एमडीआय नावाचे. दुसऱ्यात पॉलिऑल असले तर तयार होते पॉलियुरेथेन, अमाइन असले तर पॉलियुरिया. दोन्हींचे मिश्रण वापरले तर त्याला या धंद्यात हायब्रिड म्हणतात. फवारणीचे पॉलियुरिया १९८० च्या दशकात टेक्साको केमिकलच्या प्रयोगशाळेत आकाराला आले. आयसोसायनेट आणि अमाइन यांची जोडी इतकी उतावीळ असते की दोन्ही द्रव एकत्र येताच काही सेकंदांत थर घट्ट होतो. त्यामुळे ते आधी कालवून ठेवताच येत नाहीत. दोन्ही द्रव साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापवून, वेगवेगळ्या तापत्या नळ्यांतून, दोन हजार पीएसआय किंवा त्याहून जास्त दाबाने बंदुकीपर्यंत आणतात, आणि तिच्या तोंडाशी ते एकमेकांवर आदळून मिसळतात. मोटारीच्या टायरमधला दाब ३०-३५ पीएसआय असतो, यावरून या यंत्राचा आवेश लक्षात यावा. एका बाजूची जाळी थोडी तुंबली किंवा एक नळी जरा थंड राहिली की प्रमाण चुकते, आणि थरात कुठे चिकट तर कुठे ठिसूळ जागा राहते. बाहेरून ते दिसत नाही. पॉलियुरियाचे विक्रेते सांगतात की त्याला दमट हवेचा त्रास कमी होतो, आणि ते खरे आहे: पॉलिऑल सावकाश वागतो, त्यामुळे हवेतले किंवा पृष्ठभागावरचे पाणी मधेच आयसोसायनेटला गाठते, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि थरात बुडबुडे राहतात. पण जे गुण म्हणून विकले जाते त्याचीच एक उणी बाजू आहे. पाच-दहा सेकंदांत घट्ट होणाऱ्या द्रवाला पृष्ठभागाच्या बारीक खाचांत उतरायला सवडच मिळत नाही. इतक्या घाईने बसलेला थर स्वतः कितीही चिवट असला तरी खालच्या रंगाला त्याने कितपत धरले आहे, हा प्रश्न उरतोच. हायब्रिड मिश्रणे किंवा आधी प्रायमरचा हात, ही दोन्ही उत्तरे याच प्रश्नाची आहेत.

आता तो पृष्ठभाग. नव्या गाडीच्या हौद्यावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. तो चकचकीत राहावा, त्याला काही चिकटू नये, म्हणूनच बनवलेला. आणि अस्तरवाल्याला नेमके त्यालाच चिकटायचे असते. म्हणून हौद्यातला इंच न् इंच घासून त्याची चकाकी मारावी लागते. सपाट तळाला यंत्र चालते, पण पन्हळींच्या कडा, चाकाच्या कमानीमागचा सांदा, फाळक्याच्या बिजागरीजवळचा कोपरा इथे हातच लागतो, आणि दिवसाच्या शेवटी नेमका तिथेच हात आखडतो. दोर बांधायचे आकडे काढायला हवेत. त्यांच्याभोवती टेप लावून फवारले तर प्रत्येक आकड्यापाशी थराला एक मोकळी कड मिळते. मग सॉल्व्हंटने पुसणे: मेण, तेल, सिलिकॉन असलेले पॉलिश, काही म्हणजे काही राहता कामा नये. काही हौद्यांना त्यानंतर पकड वाढवणारा प्रायमर लागतो. कडेला बारीक तार असलेला मास्किंग टेप लावतात आणि थर पूर्ण घट्ट होण्याआधी ती तार ओढून कड कापतात. हे काम साधले की रेघ आखल्यासारखी येते, हुकले की कड उचललेली राहते आणि पाणी पहिल्या पावसातच आत शिरते. महाराष्ट्रातल्या वाचकाने हेच रसायन वेगळ्या जागी पाहिलेले असते. मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर गळती थांबवण्यासाठी जे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलियुरिया कोटिंग करतात, ते याच कुळातले. ओल पुरती न सुकलेल्या स्लॅबवर ते मारले की त्याला फुगे येतात आणि पोपडे निघतात. माल कोणत्या कंपनीचा होता याने त्यात फरक पडत नाही.

अस्तराची खरी कामगिरी कोणती, हेही एकदा नीट ठरवायला हवे, कारण जाहिरातींनी त्याला चिलखत करून टाकले आहे. जून २०१६ मध्ये शेव्हरोलेने एक जाहिरात काढली. बागकामाच्या विटांसारखे ५५ ठोकळे, एकूण ८२५ पौंड, म्हणजे सुमारे ३७५ किलो, लोडरने उंचावरून आधी आपल्या सिल्वराडोच्या पोलादी हौद्यात आणि मग फोर्ड एफ-१५० च्या ॲल्युमिनियमच्या हौद्यात ओतले. २०१५ च्या मॉडेलपासून फोर्डने ॲल्युमिनियम घेतले होते. पोलादाला पोचे पडले, ॲल्युमिनियम फाटले, आणि दोन्ही कंपन्यांचे भक्त महिनोन् महिने भांडत राहिले. हौदे दोन्ही उघडे होते, अस्तराविना. पण अस्तर असते तर? तळाला साधारण तीन मिलिमीटर, बाजूंना त्याच्या निम्मे, एवढ्या थराने पोचा टळला नसता. रंग वाचला असता, आणि छिद्राभोवतीचा पत्रा एकसंध धरला गेला असता. अमेरिकन हवाई दलाने फ्लोरिडातल्या टिंडल तळावर विटांच्या भिंतींवर असाच पॉलिमर फवारून स्फोटाच्या चाचण्या घेतल्या. त्या प्रयोगांमागची कल्पनाही हीच होती. भिंत तडकते, पण तिचे तुकडे आतल्या माणसांवर उडत नाहीत. अस्तर पत्र्याला बळ देत नाही. त्याचे काम मीठ, पाणी आणि हवा यांना पत्र्यापासून लांब ठेवणे आणि माल घसरू न देणे एवढेच आहे. ते काम शंभर टक्के चिकटलेल्या थरालाच जमते. अर्धवट सुटलेले अस्तर हे अस्तर नसण्यापेक्षा वाईट, कारण सुटलेल्या भागाखाली शिरलेले खारे पाणी वाळत नाही आणि आतला गंज डोळ्यांना दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, मोठ्या नावांना कारण असेलच ना. ते प्रशिक्षण देतात, आजन्म हमी देतात. देतात, खरे आहे. पण ही दुकाने बहुतांश स्वतंत्र मालकांची असतात. नाव आणि पिंपे कंपनीची, घासणारा हात त्या गावचा. एकाच पाटीखाली उत्तम आणि भिकार अशी दोन्ही कामे होऊ शकतात. हमीपत्र वाचले तर बहुतेक वेळा सोलणे, तडकणे, फुगणे यांची जबाबदारी घेतलेली दिसते, आणि रंग विटणे, आधीपासूनचा गंज, धारदार वस्तूने पडलेली चीर यांची नाही. गाडी विकली की हमी बऱ्याचदा संपते. म्हणजे कंपनीलाही ठाऊक आहे की धोका पकडीचाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग कारखान्यातच करून घ्यावे ना? निसानने २००४ च्या टायटनपासून कारखान्यात फवारलेले अस्तर देऊ केले. आता फोर्ड, जनरल मोटर्स, रॅम सगळेच देतात. त्यांचा थर बाहेरच्या चांगल्या दुकानापेक्षा बऱ्याचदा पातळ असतो, म्हणून जाणकार नाक मुरडतात. मला ते पटत नाही. कारखान्यात हौदा कोरा असतो, त्यावर ना मेण ना चिखल, हवेतली ओल आणि तापमान नियंत्रणात असते. पातळ असूनही ते टिकते याचे श्रेय त्या कोऱ्या पृष्ठभागाला आहे. नवी गाडी घेणाऱ्याने तो पर्याय घ्यावा, वाद संपला. टोयोटाने तर २००५ च्या टॅकोमापासून हौद्याचा आतला भागच धागे घातलेल्या प्लास्टिकचा केला, तिथे गंजाचाच प्रश्न मिटला. अशा गाडीला फवारणी करून घेणारे लोक आहेत, त्यांना काय म्हणावे!

साच्यात घडवलेल्या प्लास्टिकचे तयार अस्तर, म्हणजे हौद्याच्या आकाराचे एकसंध टोपले, स्वस्त पडते आणि काढता येते. पण गाडीच्या कंपनाने ते रंगावर सतत घासत राहते आणि त्याच्या खाली साठलेली माती पॉलिश पेपरचे काम करते. जुना पिकअप घेताना ते उचलून खाली पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

स्वतः घरी करण्याच्या संचांबद्दल मात्र मी बहुतेकांपेक्षा उदार आहे. रोलरने लावायचे एकाच डब्याचे युरेथेन किंवा ब्रिटिश यू-पोल कंपनीचे दोन घटकांचे रॅप्टर, यांचा थर जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास बसतो. दगड-विटा वाहणाऱ्याला तो पुरणार नाही. पण अखंड दोन दिवस हौदा घासत बसणारा मालक घाईतल्या दुकानदारापेक्षा चांगली पकड मिळवू शकतो. त्याचा अडथळा वेगळाच आहे, आणि तो पैशाचा नाही.

आयसोसायनेटची फवार श्वासात गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढच्या वेळी नगण्य मात्राही प्राणघातक ठरू शकते. २००६ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, नायॉशने, खास ट्रकच्या अस्तरांच्या फवारणीवर इशारा काढला. त्याच्या शीर्षकातच दमा आणि मृत्यू हे दोन शब्द होते. तिथला कायदा कामाच्या जागच्या हवेत एमडीआयचे प्रमाण दहा लाख भागांत ०.०२ भाग याच्या वर जाऊ देत नाही. त्यामुळे फवारणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा, पूर्ण अंगभर झगा आणि हवा खेचून घेणारा बंद बूथ लागतो; कोळशाच्या गाळणीचा साधा मुखवटा पुरत नाही, कारण या रसायनाला वास जवळपास नसतो आणि गाळणी संपली हे कळत नाही. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षणाशिवाय ही रसायने व्यवसायात हाताळता येत नाहीत. घरच्या गॅरेजचे शटर ओढून, नाकाला रुमाल बांधून फवारणाऱ्या हौशी माणसाला यातले काहीच ठाऊक नसते. घरी करायचेच असेल तर रोलरने, उघड्यावर आणि संचासोबतची सूचना वाचून.

दुकान निवडतानाही हीच गोष्ट उपयोगी पडते. घासणे कसे झाले हे थर चढल्यावर कोणालाच दिसत नाही, पण फवारणारा माणूस कोणत्या मुखवट्यात उभा आहे हे दारातून दिसते. कोणी म्हणेल, सुरक्षेचा आणि पकडीचा काय संबंध. धोका पत्करणारा कारागीरही काम चोख करू शकतो. करू शकतो. परंतु जो मालक आपल्या कामगाराच्या फुप्फुसांसाठी बूथवर खर्च करत नाही, तो गिऱ्हाइकाच्या फाळक्याची बिजागरी घासायला अर्धा तास देईल, यावर पैज लावायला मी तयार नाही. दोन-तीन वर्षे वापरलेला, त्याच दुकानाने केलेला एखादा हौदा दाखवा, असे सांगावे. आकड्यांभोवतीच्या आणि फाळक्याच्या कडा नखाने उचलून बघाव्यात. नमुन्याच्या चौकोनी तुकड्यावर हातोडा मारून दाखवणाऱ्याचे कौतुक करून बाहेर पडावे.

राहिला कडक-मऊ आणि रंगाचा तपशील. मऊ थरावर माल कमी सरकतो, कडक थरावर फावडे सहज चालते. ज्याला जे वाहायचे त्याने ते घ्यावे. स्वस्त, ॲरोमॅटिक गटातली आयसोसायनेटे उन्हात फिकी पडून त्यांच्यावर पांढुरकी भुकटी येते. उन्हाला टिकणारी ॲलिफॅटिक जात महाग असते. काळ्या रंगात हा फरक काही वर्षांनी दिसतो, लाल-निळ्यात लवकर.

भारतात इसुझू व्ही-क्रॉस किंवा २०२२ पासूनची टोयोटा हायलक्स घेणाऱ्या मोजक्या मंडळींना वरचे सगळे लागू आहे. आपल्याकडचा खरा पिकअप मात्र बोलेरो आणि तिची भावंडे, बाजार समितीत कांद्याच्या गोण्या आणि बांधकामावर सळ्या वाहणारी. त्यांच्या मालकाने या फंदात पडू नये. त्याचा पत्रा झिजला की गावातला वेल्डर दुसरा टाकून देतो, आणि ही सोय अस्तर हिरावून घेते. अस्तर असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचे तर आधी ते पूर्ण खरवडून काढावे लागते, कारण जळत्या युरेथेनच्या धुरातून आयसोसायनेट पुन्हा बाहेर पडते.